मुदत उलटलेली लोकसभा आणि मुंबई उपनगरांतले तीन मतदारसंघ

भारताच्या राज्यघटनेने पंतप्रधानपदावर वर्षांची मर्यादा घातलेली नाही. अमेरिकेत १९५१ च्या घटनादुरुस्तीपासून राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येता येते. भारतात लोकसभेचा विश्वास असेपर्यंत पंतप्रधान पदावर राहू शकतो. त्याला अडवणाऱ्या गोष्टी दोनच: सभागृहातले बहुमत आणि सभागृहाची मुदत. बहुमत भक्कम असेल तर उरते ती फक्त मुदत. ती संपते, निवडणूक होते आणि सत्ता पुन्हा मतदाराच्या हाती येते. १९७६ मध्ये ही मुदतच लांबवली गेली. इंदिरा गांधी आता सत्ता सोडणार नाहीत, ही तोवर कुजबुजीत असलेली भीती त्या वर्षी कायद्याच्या कागदावर आली. पुढच्याच वर्षी मतदाराने तिला उत्तर दिले. मुंबईच्या उपनगरांत ते फार ठसठशीतपणे मिळाले, कारण तिथे निवडून आलेले तिन्ही खासदार या सत्तेने तुरुंगात टाकलेले किंवा देशाबाहेर जायला भाग पाडलेले होते.

या घटनाक्रमाची सुरुवात न्यायालयात झाली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पराभूत उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेवर निकाल देताना इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीतली निवड रद्द केली आणि त्यांना सहा वर्षे निवडणुकीस अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मुंबईचे नानी पालखीवाला यांनी मांडली. २४ जूनला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदावर राहता येईल, लोकसभेत मतदान करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ही बातमी २६ जूनच्या पहाटे कळली. पालखीवालांनी लगेच वकीलपत्र परत केले.

ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती काही दिवसांत मंजूर झाली. पंतप्रधानाची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्याचा तिचा हेतू उघड होता. निवडणूक कायदाही पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्तीचा तो भाग रद्द ठरवला, पण बदललेल्या कायद्याच्या आधारे इंदिरा गांधींची निवड कायम ठेवली. पंतप्रधान, राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर आयुष्यभर फौजदारी खटला चालू नये, अशी तरतूद असलेले आणखी एक विधेयक राज्यसभेने मंजूर केले होते. ते लोकसभेत पुढे आणले गेले नाही. तरी ते मांडले गेले आणि एका सभागृहात मंजूरही झाले, यावरून सत्ता कोणत्या दिशेने चालली होती ते लोकांनी ओळखले.

मार्च १९७१ मध्ये निवडून आलेल्या पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू असताना संसद कायदा करून ही मुदत एकेका वर्षाने वाढवू शकते, अशी सोय घटनेच्या ८३व्या कलमात मुळापासून आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये तिचा वापर झाला. नोव्हेंबरमध्ये आणखी एक वर्ष वाढवण्यात आले. विरोधी खासदार मधु लिमये आणि शरद यादव यांनी मुदतवाढीच्या निषेधार्थ खासदारकीचे राजीनामे दिले. आपल्याला पाच वर्षांसाठी निवडून दिले होते, सहाव्या वर्षाचा अधिकार लोकांनी दिलेला नाही, ही त्यांची भूमिका होती. मुदतवाढ कायदेशीर होती, आणि नेमकी हीच गोष्ट अधिक भीतिदायक होती. घटना न मोडता, तिचीच कलमे वापरून निवडणूक पुढे ढकलता येत होती, आणि पुढे ढकलणाऱ्यांचे सभागृहात दोन तृतीयांश बहुमत होते.

वर्षअखेरीस ४२वी घटनादुरुस्ती आली. लोकसभा आणि विधानसभा यांची मुदत पाचऐवजी सहा वर्षे झाली आणि घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग बंद करण्यात आला. काही राज्यांच्या विधानसभांनी नवी घटना समिती बोलावण्याची मागणी केली. त्याआधी अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार करणारा एक मसुदाही फिरत होता. त्याच्याशी महाराष्ट्रातले बॅ. अंतुले यांचे नाव जोडले गेले. ४२व्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले ते कायदामंत्री हरि रामचंद्र गोखले यांनी. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असलेले गोखले मुंबई वायव्य मतदारसंघाचे, म्हणजे वांद्रे ते अंधेरी या पट्ट्याचे खासदार होते. सत्तेची मुदत वाढवणाऱ्या कायद्याचा कर्ता अशा रीतीने उपनगरांचाच प्रतिनिधी होता.

ही उपनगरे त्या काळात शहराची नवी, झपाट्याने भरत जाणारी बाजू होती. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९७१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या जवळपास ६० लाख लोकांपैकी निम्मे उपनगरांत राहत होते. १९८१ पर्यंत उपनगरांची लोकसंख्या सुमारे ५० लाखांवर गेली आणि मूळ शहर मागे पडले. गिरगाव-दादरच्या चाळींतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे, घाटकोपर-मुलुंडचे गुजराती व्यापारी आणि नोकरदार, फाळणीनंतर आलेले सिंधी, कारखान्यांचे कामगार आणि टेकड्यांवर, खाजणांत वसलेल्या झोपडवस्त्या असा हा समाज होता. घर मिळाले तरी पाणी, गटार, रस्ता आणि दवाखाना मागून यायचे, कधी कधी वर्षानुवर्षे यायचेच नाहीत. त्यामुळे इथले राजकारण पालिकेच्या नळापासून सुरू होई. गोरेगावात समाजवादी आणि राष्ट्र सेवा दलाची घट्ट फळी होती. पार्ले, मुलुंड, घाटकोपर या भागांत जनसंघ आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखा. १९७१ च्या लाटेत मात्र मुंबईच्या पाचही जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या.

आणीबाणी लागताच या दोन्ही फळ्यांवर घाला पडला. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली आणि पार्ले-मुलुंडच्या स्वयंसेवकांना नाशिक रोड, येरवडा यांसारख्या तुरुंगांची वाट धरावी लागली. देशभरात मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली जवळपास ३५ हजार माणसे विनाखटला डांबली गेली. महाराष्ट्रात तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिला, त्यामुळे मुंबईच्या रस्त्यावरचा सर्वांत मोठा आवाज विरोधात नव्हता. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींच्या रकान्यात लोकशाहीच्या निधनाची वार्ता नावे फिरवून छापून आली, ती सेन्सॉरच्या नजरेतून निसटली म्हणूनच.

सामान्य उपनगरवासीयाला आणीबाणी भेटली ती वस्तीत आणि दवाखान्यात. ४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची मोजणी केली. नोंद झालेल्या कुटुंबांना फोटोपास मिळाले, आणि ज्यांची नोंद राहिली त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. मे महिन्यात मानखुर्दजवळची, भाभा अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी पाडण्यात आली. अनेक वर्षे तिथे राहिलेल्या हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेच्या दलदलीच्या जागेवर, आजच्या चीता कॅम्पमध्ये हलवले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचे विधेयक मंजूर केले. असे विधेयक मंजूर करणारे हे देशातले पहिले राज्य होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, तरी सरकारी नोकर आणि झोपडवस्त्यांतली माणसे यांच्यावरचा दबाव त्यासाठी थांबला नव्हता. ज्या सत्तेला निवडणूक द्यायची घाई नाही तिला लोकांच्या नाराजीची भीडही उरत नाही, हे या दीड वर्षात वस्त्यावस्त्यांतून दिसले.

या काळात उपनगरांच्या मनात जी व्यक्ती घर करून होती ती गोरेगावच्या मृणाल गोरे. १९२८ मध्ये जन्मलेल्या मृणाल मोहिले यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत उडी घेतली आणि १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह केला. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हते, तिथे ग्रामपंचायत होती. गोरे दांपत्याचे काम तिथूनच सुरू झाले. १९५८ मध्ये बंडू गोरे यांचे निधन झाले. १९६१ मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांना पालिकेचे पाणी मिळावे म्हणून त्यांनी दिलेल्या लढ्यांतून ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना चिकटले. पालिकेच्या सभागृहात आकडे घेऊन उभे राहायचे आणि बाहेर बायकांना रिकाम्या हंड्यांसह उभे करायचे, ही त्यांची पद्धत होती. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. त्याच वर्षी दुष्काळाच्या छायेत अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासह त्यांनी महागाईविरोधी महिलांची आघाडी उभारली. थाळ्या वाजवत आणि लाटणी घेऊन निघालेल्या त्या मोर्च्यांत चाळीतली गृहिणी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर आली. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका व्यासपीठावर आल्या, आणि दाराला कडी लावून मोर्च्याला जाता येते हे हजारो घरांना कळले. १९७७ ची निवडणूक समजून घ्यायची तर हे मोर्चे विसरून चालत नाही. त्या वेळी घरोघर प्रचार केला तो याच बायकांनी.

आणीबाणी लागल्यावर मृणालताई भूमिगत झाल्या. पुढे त्यांना पकडण्यात आले आणि अकोल्याच्या तुरुंगात एकटे ठेवण्यात आले. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगाने ग्रासलेली कैदी, समोर मनोरुग्ण स्त्री, अशी ती जागा होती. नळासाठी आणि तेल-साखरेच्या भावासाठी भांडणाऱ्या लोकप्रतिनिधीला विनाखटला अशा जागी ठेवल्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येऊ शकत नव्हती. तरी ती गोरेगाव-मालाडमध्ये पोचली. १९७७ मध्ये याच भागातल्या मुंबई उत्तर मतदारसंघातून त्या लोकसभेला उभ्या राहिल्या.

मुंबई वायव्य मतदारसंघातली लढत वेगळ्या जातीची होती. राम जेठमलानी आणीबाणीच्या काळात बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. केरळमध्ये पालघाट येथे केलेल्या भाषणात त्यांनी पंतप्रधानांवर टीका केली आणि त्यांच्यावर अटकेचे वॉरंट निघाले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने पालखीवालांच्या नेतृत्वाखाली ३०० हून अधिक वकील उभे राहिले आणि अटकेला स्थगिती मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या काळात इतरही काही धाडसी निकाल दिले: वकिलांच्या सभेवरची बंदी उठवली, मिनू मसानी यांच्या मासिकावरची सेन्सॉरशिप फेटाळली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड. या निकालानंतर उच्च न्यायालयाच्या स्थगितीला अर्थ उरला नाही आणि जेठमलानी देश सोडून कॅनडा आणि अमेरिकेत गेले. १९७७ मध्ये ते उमेदवार झाले ते थेट कायदामंत्री गोखले यांच्याच विरोधात. सत्ता कायद्याने बांधली जावी की कायद्याने मोकळी व्हावी, हा प्रश्न इथे दोन नामवंत कायदेपंडितांच्या नावांनी मतपत्रिकेवर छापला गेला.

या मतदारसंघात जुहू-पार्ल्याची सिनेसृष्टीही होती. किशोरकुमारने सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात सहकार्य न केल्याने मे १९७६ पासून आकाशवाणीवर त्याची गाणी बंद झाली होती. तो जुहूचा रहिवासी. जुहूचेच देव आनंद जेठमलानींच्या सांगण्यावरून विरोधकांच्या नव्या जनता पक्षाच्या व्यासपीठावर गेले. ज्या धंद्याचे नशीब सेन्सॉरच्या शिक्क्यावर अवलंबून असते त्यातल्या माणसाने असे करणे सोपे नव्हते.

तिसरा मतदारसंघ ईशान्य मुंबई: घाटकोपर, भांडुप, मुलुंड. तिथले खासदार होते काँग्रेसचे कामगार नेते राजा कुलकर्णी. त्यांच्यासमोर जनता पक्षाने उभे केले सुब्रमण्यम स्वामी यांना. जनसंघाच्या वतीने १९७४ मध्ये राज्यसभेवर गेलेले हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक वॉरंट चुकवून परदेशी निसटले होते. १० ऑगस्ट १९७६ रोजी ते अचानक राज्यसभेत हजर झाले. दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली जात असताना उभे राहून त्यांनी लोकशाहीच्या मृत्यूचाही उल्लेख व्हावा असे सुचवले, आणि कोणी हालचाल करायच्या आत सभागृहातून आणि मग देशातूनही पसार झाले. नोव्हेंबरमध्ये राज्यसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. घाटकोपर-मुलुंडशी त्यांचा जुना संबंध नव्हता. तिथे काम केले ते शाखांच्या जाळ्याने आणि तुरुंगातून सुटून आलेल्या कार्यकर्त्यांनी.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून निवडणुकीची घोषणा केली. लोकसभेला अजून एक वर्ष बाकी असताना त्यांनी हा निर्णय का घेतला, यावर इतिहासकारांचे एकमत नाही: विजयाची खात्री, जगातल्या टीकेचा सल, मुलगा संजय याच्या वाढत्या प्रभावाची धास्ती, लोकांची मान्यता पुन्हा मिळवण्याची गरज, अशी कारणे दिली जातात. त्या वेळी मात्र विरोधकांनाही ती घोषणा खरी वाटेना. आणीबाणी उठलेली नव्हती, शिथिल झाली होती. नेते सुटले, पण अनेक कार्यकर्ते आतच होते. निवडणूक होऊ दिली तरी निकाल मानला जाईल का, मतपेट्या सुरक्षित राहतील का, हरल्यावर लष्कर बोलावले जाईल का, हे प्रश्न सभांत, लोकलच्या डब्यांत, नाक्यानाक्यांवर विचारले जात होते. विरोधकांचे ज्येष्ठ नेते जयप्रकाश नारायण मूत्रपिंडाच्या आजाराने जसलोक रुग्णालयाशी बांधलेले होते. विरोधी पक्षांच्या एकत्रीकरणाच्या बऱ्याच हालचाली त्यामुळे मुंबईतच झाल्या. २३ जानेवारीला जनता पक्ष स्थापन झाला. स्वतःचे चिन्ह नसल्याने त्याचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले. शेत न पाहिलेल्या बोरिवली-अंधेरीच्या मतदाराला हे चिन्ह ओळखायला दोन महिनेही नव्हते.

प्रचारात पैसा थोडा आणि माणसे भरपूर होती. कराडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाणांसमोर जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावणाऱ्या आणि त्यानंतर तुरुंगात गेलेल्या लेखिका दुर्गा भागवत बोलू लागल्या. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे राजकीय सभांच्या व्यासपीठावर आले. कोणत्याही पक्षाचे नसलेले लोकप्रिय लेखक इतके उघड बोलतात, हेच मध्यमवर्गाला धीर देणारे होते. सभांत झोळी फिरायची आणि लोक नाणी-नोटा टाकायचे. पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई पाण्यात, ही उपनगरांतली घोषणा देशभर गेली.

मतदान १६ ते २० मार्चदरम्यान झाले. निकालात मुंबईच्या नव्या आखणीतल्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. मुंबई उत्तरमधून मृणाल गोरे, वायव्यमधून राम जेठमलानी, ईशान्यमधून सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. उत्तर-मध्यमधून मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, दक्षिणेतून रतनसिंह राजदा आणि दक्षिण-मध्यमधून रिपब्लिकन बी. सी. कांबळे. हा कौल सगळ्या महाराष्ट्राचा होता असे म्हणता येत नाही: राज्यातल्या ४८ पैकी २० जागा काँग्रेसने राखल्या आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तिची पकड टिकली. उपनगरांत मात्र ती पूर्ण सुटली. कायदामंत्र्यांचा पराभव तर त्यांनीच आणलेल्या घटनादुरुस्तीवरचे सर्वांत थेट मत होते.

रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिरा गांधींना ५५ हजारांहून अधिक मतांनी हरवले. आता पंतप्रधान काय करतील, ही धाकधूक २० मार्चच्या रात्री देशभर होती. लष्कराच्या हालचालींच्या अफवा त्या रात्री उठल्या आणि नंतरही बराच काळ सांगितल्या गेल्या. घडले ते असे: मंत्रिमंडळाची रात्रीच बैठक झाली, २१ मार्चला हंगामी राष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी अंतर्गत आणीबाणी मागे घेतली, २२ मार्चला इंदिरा गांधींनी राजीनामा दिला आणि २४ मार्चला मोरारजी देसाई यांचा शपथविधी झाला. सत्ता सोडली जाणार नाही ही भीती शेवटी खरी ठरली नाही. म्हणून ती निराधार होती असे मात्र नव्हे: दोनदा वाढवलेली मुदत, सहा वर्षांची तरतूद आणि न्यायालयांना घातलेले कुलूप हे सगळे कागदावर होते, आणि २२ मार्चनंतरही तसेच राहिले.

ते पुसायला आणखी दोन वर्षे गेली. मृणाल गोरे यांनी केंद्रीय आरोग्यमंत्रिपद नाकारले, पण त्या, जेठमलानी आणि स्वामी ज्या लोकसभेत बसले तिने ४३वी आणि ४४वी घटनादुरुस्ती केली. जून १९७९ मध्ये ४४व्या दुरुस्तीचा मुख्य भाग अमलात आला. सभागृहांची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली; ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आले; मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी पुकारू शकणार नाहीत असे ठरले; आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, ही हमी मिळाली. दरम्यान ४२व्या दुरुस्तीचा लाभ महाराष्ट्राच्या विधानसभेला मिळून गेला होता. जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या, त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९७२ मध्ये निवडलेली विधानसभा जवळपास सहा वर्षे चालली आणि निवडणूक फेब्रुवारी १९७८ मध्ये झाली. मतदाराने न दिलेले वर्ष राज्यात कुणाला मिळाले, हा प्रश्न त्या वेळी पुरेसा विचारला गेला नाही.

जनता सरकार आपसांतल्या भांडणांनी कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतल्या. उपनगरांनी मात्र त्या लाटेतही मत बदलले नाही. वायव्यमधून जेठमलानी, ईशान्यमधून स्वामी पुन्हा निवडून गेले आणि मुंबई उत्तरमध्ये जनता पक्षाचेच रवींद्र वर्मा आले. हे तिन्ही मतदारसंघ काँग्रेसकडे परत गेले ते डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत. वायव्यमध्ये तेव्हा जेठमलानींना हरवले ते सुनील दत्त यांनी.